मेजरची फुली

मेजर गेले ते मंगळवारी सकाळी, आणि बुधवारपासून लोक घड्याळजीच्या दुकानात चपला बाहेर काढून येऊ लागले. एरवी हेच लोक चिखलाचे बूट घेऊन आत शिरायचे, काउंटरवर कोपरं टेकायचे आणि "अहो, आठ दिवस झाले, कधी देताय घड्याळ?" म्हणून आवाज चढवायचे. आता सगळे हळू बोलत होते. "मेजरना तुमच्यासारखा भाऊ होता," असं कुणीही म्हणालं नाही. "तुम्हाला मेजरसारखा भाऊ होता," असंच जो तो म्हणाला. घड्याळजी मान हलवायचा, डोळ्यावरचं भिंग कपाळावर सरकवायचा आणि मनात म्हणायचा, हा सतरावा.

तो मोजत होता. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाने सख्ख्या भावाच्या मरणात असं मोजत बसू नये, हे त्यालाही कळत होतं. पण हेव्याला म्हातारपण येत नाही. घड्याळजीचे दात पडले, केस गेले, गुडघे कुरकुरायला लागले. हेवा मात्र अकरा वर्षांच्या पोराच्या अंगात शिरला होता तेवढाच ताजा राहिला.

खरं म्हणजे मेजर हा मेजर नव्हताच. फौजेने त्याला हवालदारावर थांबवलं होतं. सतरा वर्षं तोफखान्यात काढून तो घरी आला, आणि उरलेल्या बढत्या त्याला लोकांनी दिल्या. नळावरच्या रांगेत कुणीतरी सुभेदार म्हणालं. त्याने दोनदा दुरुस्त केलं, तिसऱ्यांदा कंटाळला. पाचेक वर्षांत मेजर झाला. "आणखी दहा वर्षं जगला असता तर सरसेनापती करून सोडला असता," असं घड्याळजी मंगळवारी बायकोच्या कानात पुटपुटला होता. बाहेर दादाला न्यायची तयारी चालली होती. बायको म्हणाली, "आज तरी गप्प बसा हो."

आणि घड्याळजीला लोक काय म्हणायचे? दुकानावर हातभर उंचीच्या अक्षरांत पाटी होती, पन्नास वर्षांत तीनदा रंगवलेली. तरी लोक पत्ता सांगताना सांगायचे, "चौकातून आत वळा, मेजरच्या भावाचं दुकान."

शुक्रवारी पाणीखात्याची इंजिनीअर बाई आली. तिशीतली, घाईची, काखेत फाइल. तिच्यामागे फिटर एक पाय ओढत आला आणि न विचारता स्टुलावर बसून त्याने तो पाय सरळ पुढे पसरला. दोन महिन्यांनी निवृत्त होणारा हा फिटर गेली पस्तीस वर्षं असाच बसायचा. तो पाय गुडघ्यात वाकत नव्हता.

"काका, रविवारी पंपघरात सभा ठेवलीय," बाई म्हणाली. "मेजरांची आठवण म्हणून. तुम्ही बोलायचं आहे. तुमच्याइतकं जवळचं दुसरं कोण?"

"बोलू की."

"आणि त्यांची ती ऐकायची काठी आम्ही काचेच्या कपाटात ठेवणार आहोत. खाली लावायचं कार्ड लिहून आणलंय, बघा." तिने वाचलं, "'या काठीने आणि या कानाने बावीस वर्षं आपलं पाणी राखलं.' बरं आहे ना?"

"कोणत्या कानाने?" घड्याळजीने विचारलं.

"म्हणजे?"

"डाव्या की उजव्या?"

बाईला वाटलं म्हातारा गंमत करतोय. ती हसली. फिटर हसला नाही. तो भिंतीवरच्या घड्याळांकडे बघत राहिला.

"पण काठीच सापडेना," बाई म्हणाली. "तुमच्या वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, भावोजींना विचारा."

"बघतो," घड्याळजी म्हणाला.

काठी त्याच्या पाठीमागे होती. कोपऱ्यात लंबकाचं उंच घड्याळ उभं होतं, त्याच्या आणि भिंतीच्या सांदीत. अठ्ठावीस वर्षं तिथेच.

ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. छातीपर्यंत येईल एवढा, बोटाएवढा जाड लाकडी दांडा. खालच्या टोकाला पितळेची टोपी, वरच्या टोकाला कान बसेल अशी लाकडाची वाटी. जमिनीखालचा नळ फुटला की पाणी लगेच वर येतंच असं नाही. मातीतल्या मातीत महिनोन्महिने मुरत राहतं आणि वरच्या घरांचे नळ करंगळीएवढे बारीक होतात. मग पहाटे, रस्त्यावर वर्दळ सुरू व्हायच्या आधी, माणूस काठी जमिनीला टेकवतो, वाटीला कान लावतो आणि पावलापावलाने पुढे सरकतो. जिथे आवाज सगळ्यांत दाट तिथे खडूने फुली मारायची. आठ वाजता कुदळीवाले येतात आणि फुलीवर खणतात.

मेजरची फुली पंचक्रोशीत प्रसिद्ध होती. दोन रेघा, काटकोनात, पट्टीने मारल्यासारख्या. मुलं तिच्यावर पाय देत नसत. "मेजरचा कान म्हणजे कान," असं लोक म्हणायचे. "बारा हात खालचं पाणी बोलतं त्यांच्याशी."

आणि हे ऐकलं की घड्याळजीच्या तळपायाची आग मस्तकात जायची. कारण तो कान मेजरचा नव्हता.

कान घड्याळजीचा होता. लहानपणापासून. या दुकानात त्यांचे वडील बसायचे, आणि सुट्टीच्या दिवशी ते सात घड्याळं टेबलावर मांडून त्यांवर टॉवेल टाकायचे. थोरल्याला विचारायचे, "सांग, यातलं कुठलं लंगडतंय?" एकोणीस वर्षांचा दांडगा थोरला हसायचा. "सगळी चालतायत की, बाबा!" वडील कपाळाला हात लावायचे. "तुझे कान म्हणजे भिंतीतले कोनाडे रे, नुसते ठेवायला." मग अकरा वर्षांचा धाकटा टॉवेलवर वाकायचा, दोन श्वास थांबायचा आणि म्हणायचा, "डावीकडून पाचवं." टॉवेल उचलला की पाचवं घड्याळ टिक... टक्टिक... टक् करत सापडायचं. वडील त्याचा कान दोन बोटांत धरून गिऱ्हाइकांना दाखवायचे. "हा बघा. हा माझा वारस."

तेवढं एक वर्षभर धाकटा राजा होता. मग थोरला फौजेत गेला, महिन्याने त्याचं पहिलं पत्र आलं, आणि वडील ते पत्र गिऱ्हाइकांना वाचून दाखवू लागले. घड्याळ द्यायला आलेल्या माणसाला आधी पत्र ऐकावं लागायचं. पुढे गणवेशातला फोटो आला. तो काचेच्या खिडकीत दोन गजरांच्या घड्याळांमध्ये उभा राहिला. सात घड्याळांचा खेळ बंद पडला. टॉवेल तोंड पुसायच्या कामी आला.

धाकटाही भरतीला गेला होता, एकोणीस पूर्ण झाल्यावर. छाती अर्धा इंच कमी भरली. मापाड्या म्हणाला, "श्वास भर." त्याने डोळे बाहेर येईपर्यंत श्वास भरला. "आणखी." आणखी कुठून आणणार? घरी आल्यावर वडील म्हणाले, "बरं झालं, दुकानाला कुणीतरी पाहिजेच." कुणीतरी! हा शब्द त्याने अर्ध्या इंचासकट आयुष्यभर जपला.

थोरला लढाईत एका डोंगरकड्यावर अकरा दिवस तोफेला चिकटून होता. दारूगोळा भरणारे तिघे पडले, तरी तोफ गप्प झाली नाही. त्याला पदक मिळालं. सुट्टीवर आला तेव्हा खूप मोठ्याने बोलू लागला होता, आणि लोक म्हणाले, बघा, याला म्हणतात हुकमी आवाज. धाकट्याला मात्र एका दुपारी कळलं. दादा दुकानात पेपर वाचत बसला होता आणि त्याच्या डाव्या हाताला एक गजर अचानक खणखणला. दोन गिऱ्हाइकं दचकली. दादाने पान उलटलं.

डावा कान त्या कड्यावरच राहिला होता. उजवा अर्धामुर्धा घेऊन तो परत आला होता.

धाकट्याने हे कुणाला सांगितलं नाही. त्याला दया आली असं कुणी म्हणेल, पण तसं नव्हतं. गरिबाच्या हाती अचानक सोन्याची चीज लागावी तसं झालं होतं. त्याने ती चीज गुपचूप मुठीत धरली.

छत्तिसाव्या वर्षी दादा फौज सोडून आला आणि माजी सैनिकांसाठी ठेवलेल्या जागेवर पाणीखात्यात लागला. गळती शोधणारा! कानाचं काम, आणि ते बहिऱ्याच्या गळ्यात. कान तपासणारा डॉक्टर लढाईच्या गोष्टींचा शौकीन निघाला. अकरा दिवसांची हकिकत ऐकता ऐकता तपासायचं राहूनच गेलं. दादाने पहिलं वर्ष नुसत्या डोळ्यांवर काढलं. त्यासाठी डोळे लागतात, हे घड्याळजीलाही कबूल करावं लागे. कुठल्या भिंतीच्या पायाशी गवत जास्त हिरवं आहे, भर उन्हात कुत्री कुठल्या कोपऱ्यात जाऊन पडतात, कुठल्या घरी हंडा भरायला किती वेळ लागतो, हे सगळं तो वहीत टिपायचा. नळांचे सगळे सांधे त्याला पाठ होते. बरोबर गल्लीपर्यंत तो पोचायचा. पण गल्लीतली ती चार पावलं काही केल्या सापडायची नाहीत.

मग एका पहाटे त्याने दुकानाच्या माडीवर खडा मारला. "छोट्या! चल जरा फिरून येऊ."

छोट्या तेव्हा एकोणतीस वर्षांचा होता, दोन पोरांचा बाप.

रस्ता मोकळा होता. दादाने काठी त्याच्या हातात दिली आणि म्हणाला, "बघ बरं, काही ऐकू येतं का." बस, एवढंच. मला येत नाही, असं तो म्हणाला नाही, आणि धाकट्याने विचारलं नाही. त्याने वाटीला कान लावला. आधी आपल्याच रक्ताचा आवाज. मग गटाराची गुळगुळ. ती वेगळी, ती थांबते आणि चालते. आणि त्याच्याखाली, दूर कुणीतरी ओल्या कपड्यावर इस्त्री फिरवावी तसा एकसारखा, न थांबणारा आवाज. तो चार पावलं सरकला. "इथे."

दादा वाकला, खिशातला खडू काढला आणि फुली मारली.

आठ वाजता कुदळ पडली, नऊला पाणी उसळलं, दहा वाजता चहाच्या टपरीवर मेजरचा कान जन्माला आला.

त्यानंतर वीस-एकवीस वर्षं हे असंच चाललं. आठवड्यातून एकदा, कधी दोनदा. गल्ली दादा काढायचा, जागा धाकटा सांगायचा, फुली दादा मारायचा. उजेड व्हायच्या आत धाकटा दुकानात परतलेला असायचा. जुनी काठी चिरली तेव्हा त्यानेच नवी वाटी कोरली, स्वतःच्या कानाच्या मापाची. दादाच्या कानाला ती कधी नीट बसलीच नसती. कुणी लक्ष दिलं असतं तर तेवढ्यावरून कळलं असतं.

तुम्ही विचाराल, एवढं जळत होता तर जायचा कशाला? त्याने स्वतःलाही विचारलं होतं. एक तर त्या पहाटेच्या तासात, वाटीला कान लावून, तो पुन्हा अकरा वर्षांचा व्हायचा आणि सगळी घड्याळं त्याचीच असायची. आणि दुसरं, त्याला वाटायचं, दादा आपल्या मुठीत आहे. एक शब्द बोललो की मेजर पुन्हा हवालदार. हा शब्द त्याने रोज घासूनपुसून लखलखीत ठेवला, पण वापरला नाही. दादा रांगेतली भांडणं मिटवायचा, शिपायांच्या विधवांचे कागद घेऊन कचेऱ्यांचे जिने चढायचा, टंचाईत स्वतःचा हंडा शेवटी लावायचा. लोक त्याला उठून जागा द्यायचे. बायकोसुद्धा घरात काही अडलं की म्हणायची, "दादांना विचारा." प्रत्येक वेळी घड्याळजी मनातल्या मनात मूठ आवळून बघायचा. आहे. अजून आहे.

एकदा मात्र मूठ उघडली.

दादा एक्कावन्न वर्षांचा होता. खात्याने त्याला मानपत्र दिलं. सभागृह भरलेलं, फोटोवाला आलेला. अध्यक्षांनी घड्याळजीला मंचावर बोलावलं. त्याची छाती भरून आली, आज बहुधा अर्धा इंच जास्तच. अध्यक्ष म्हणाले, "तुम्ही मेजरचे बंधू ना? जरा हे धरता का?" आणि फुलांची टोपली त्याच्या हातात दिली. मग फोटोवाला म्हणाला, "टोपलीवाले काका, जरा बाजूला व्हा."

दुसऱ्याच पहाटे माडीवर खडा आला. वाचनालयाची गल्ली. काठी टेकवली, आणि तिसऱ्याच ठिकाणी तो इस्त्रीचा आवाज इतका स्पष्ट आला की शिकाऊ माणसालाही कळला असता. घड्याळजी तिथे थांबला. त्याच्या नाकात अजून टोपलीतल्या फुलांचा वास होता. तो पुढे चालू लागला. एक, दोन, तीन, चार पावलं. "इथे," तो म्हणाला.

दादाने फुली मारली. पट्टीने मारल्यासारखी.

त्याला वाटलं होतं, खणतील, पाणी लागणार नाही, चार लोक हसतील. एक दिवस तरी मेजरचा कान चुकला म्हणतील. एवढंच हवं होतं त्याला. पण मेजरची फुली चुकेल यावर कुदळीवाल्यांचा विश्वासच बसेना. पाणी लागेना तसे ते आणखी खोल गेले. पुरुषभर खोल गेले. आणि चार पावलांवरून मुरत आलेल्या पाण्याने बाजूची माती आतून पोखरली होती. ती बाजू धसली तेव्हा खड्ड्यात तेवीस वर्षांचा नवा फिटर होता, नुकतंच लग्न झालेला.

पाय वाचला, गुडघा गेला.

चौकशी झाली. दादाने लिहून दिलं, फुली मी मारली. त्याला लेखी ताकीद मिळाली आणि ती सूचनाफलकावर लागली. तो एक्केचाळीस दिवस दवाखान्यात जाऊन फिटरच्या खाटेशी बसत होता. घड्याळजी एकदाही गेला नाही. पुढच्या आठवड्यात माडीवर खडा आला. दादा खाली उभा, नेहमीसारखा. "चल, छोट्या." काठी हातात दिली. घड्याळजीने जागा सांगितली. दादाने वाकून फुली मारली. त्या विषयावर दोघे पस्तीस वर्षं एक शब्द बोलले नाहीत. निवृत्तीच्या दिवशी दादा काठी घेऊन दुकानात आला आणि लंबकाच्या घड्याळामागे ठेवत म्हणाला, "राहू दे तुझ्याकडे." बस.

आता रविवारी ती काठी काचेत जाणार होती. खाली कार्ड, 'या कानाने'. आणि घड्याळजीला ते सहन होत नव्हतं. शनिवारी दुपारी दुकान बंद करून तो काठी मांडीवर घेऊन बसला. बायको चहा घेऊन आली, तिने काठीकडे पाहिलं.

"देऊन टाका," ती म्हणाली.

"वाटी माझ्या कानाच्या मापाची आहे."

"माहीत आहे मला. एकवीस वर्षं पहाटे उठून तुम्ही देवदर्शनाला जात नव्हता, एवढं कळतं."

"मग बोलली का नाहीस कधी?"

"तुम्ही नाही बोललात, मी कशाला बोलू?"

त्याने ठरवलं. उद्या बोलायचं. सभेत, सगळ्यांसमोर, कान माझा होता. पण बोलायचं म्हटलं की वाचनालयाची गल्ली आडवी यायची. एकवीस वर्षांच्या फुल्या मागायच्या तर ती एक सोडून कशी मागणार? शेकडो फुल्या माझ्या आणि ती तेवढी दादाची, असं म्हणता येतं का? येतं, त्याने स्वतःला सांगितलं. चूक दादाची, असं सगळे मानतातच. आपण फक्त गप्प राहायचं. गप्प राहायची आपल्याला सवय आहे.

पंपघरात खुर्च्या मांडल्या होत्या. पंप बंद ठेवले होते, पण मोठ्या नळांतून पाणी वाहत होतं आणि फरशी पायाखाली बारीक थरथरत होती. समोर काचेचं कपाट, रिकामं. वहिनी पहिल्या रांगेत. घड्याळजी काठी काखेत धरून आला तेव्हा बाईचा जीव भांड्यात पडला.

आधी फिटर उठला. त्याला बोलायची सवय नव्हती.

"मेजरचा कान एकदाच चुकला," तो म्हणाला. "तेव्हा हा पाय गेला. मी लई शिव्या दिल्या त्यांना, तोंडावर. ते रोज यायचे. शिव्या संपल्या की मोसंबी सोलून द्यायचे. एकदा मी विचारलं, मेजर, तुमचा कान चुकला कसा? तर म्हणाले, फुली माझ्या हातची आहे, फिटर. जे झालं ते या हाताचं." फिटरने डोळे पुसले. "चुकल्यावर असा उभा राहणारा माणूस मी दुसरा बघितला नाही. चुकले म्हणून मला ते कळले. नाहीतर नुसते साहेबच राहिले असते."

लोकांमध्ये हुंदका फिरला. वहिनींनी पदर डोळ्यांना लावला.

आणि घड्याळजी जागच्या जागी पेटला. शेकडो बरोबर फुल्या दादाच्या नावावर गेल्या, ते त्याने सोसलं. पण ही एक, जी त्याने स्वतःच्या काळ्या मनाने, चार पावलं मोजून दिली होती, तीसुद्धा दादाचीच? आणि तिच्यासाठीही लोक रडतायत! आपल्या वाईटपणाचंसुद्धा या माणसाने पुण्य करून घेतलं. आपल्यासाठी काही शिल्लक ठेवलंच नाही.

तो उठला. कार्ड, मानपत्र, ठरवलेलं भाषण, सगळं डोक्यातून गेलं.

"ती फुली माझी होती," तो म्हणाला.

मग मागून कुणीतरी कौतुकाने म्हणालं, "बघा, भावाची चूक अंगावर घेतायत."

"अंगावर घेत नाही!" घड्याळजी ओरडला. "दादाला ऐकू येत नव्हतं. लढाईपासून. काठी मी लावायचो. सगळ्या जागा मी सांगितल्या, आणि तीही मीच सांगितली."

बाई फाइल छातीशी धरून उभी राहिली. फिटर मात्र चकित झाला नाही. "काठी तुम्ही लावायचा ते आम्हाला ठाऊक आहे," तो म्हणाला. "सगळ्या कुदळीवाल्यांना ठाऊक होतं, मला दवाखान्यातून परतल्यावर कळलं. पहाटे तुम्ही गल्लीत दिसलात की आम्ही म्हणायचो, घड्याळजी निघाले, आज खणायला लागणार."

घड्याळजीला हे कळायला वेळ लागला. इतकी वर्षं मुठीत धरलेली चीज, आणि ती सगळ्यांच्याच खिशात होती.

"मग बोलला का नाहीत?"

"मेजरनी सांगितलं होतं. म्हणाले, त्याला वाटतंय कुणाला माहीत नाही. वाटू दे. लोकांत कौतुक झालं तर तो यायचा नाही, माझा भाऊ जरा तसा आहे." फिटर थांबला. पाय ओढत दोन पावलं पुढे आला. "पण तुम्ही चुकलात कसे? तुम्ही तर कधी..."

"चुकलो नाही."

"म्हणजे?"

"मला जागा सापडली होती. मी चार पावलं पुढची सांगितली. मुद्दाम."

फरशीखालून पाणी वाहत होतं, तेवढाच आवाज. फिटर त्याच्याकडे बघत राहिला, मग आपल्या पायाकडे, मग पुन्हा त्याच्याकडे.

"मेजरना ठाऊक होतं?"

"माहीत नाही," घड्याळजी म्हणाला. आणि हे खरं होतं.

फिटर वळला आणि पाय ओढत दाराबाहेर गेला. त्याच्या मागोमाग एकेक जण उठला. वहिनी जाता जाता घड्याळजीपाशी क्षणभर थांबल्या आणि गेल्या. कपाट रिकामंच राहिलं.

बारा दिवस दुकानात कुणी आलं नाही. मेजरचे भाऊ म्हणणाराही कुणी नव्हता. तेराव्या पहाटे माडीवर खडा लागला.

घड्याळजी उठून बसला. क्षणभर त्याला वाटलं, दादा.

खाली फिटर होता. "वाचनालयाच्या मागे पाणी चढेना," तो म्हणाला. आवाजात माया नव्हती. "गळती शोधायचं जुनं मशीन बंद पडलंय, बाईंनी मागवलेलं यायला महिना लागेल. लोक किती दिवस काढणार? काठी घ्या."

दोघे चालत गेले, एक पाय ओढत, एक गुडघे धरत. गल्ली तीच. घड्याळजीने काठी टेकवली, वाटीला कान लावला. आधी रक्त, मग गटार. बराच वेळ काहीच नाही. मग दूर, फार दूर, इस्त्री. तो सरकला. पाच पावलं. सहा.

"इथे."

फिटर हलला नाही. "नक्की?"

घड्याळजीने वाटीवरून कान उचलला. एकवीस वर्षं, त्या धसलेल्या खड्ड्यानंतरची सात धरून. दादाने एकदाही हा शब्द उच्चारला नव्हता. खड्ड्यानंतरच्या पहिल्या पहाटेसुद्धा नाही. नुसता वाकला होता आणि फुली मारली होती. ठाऊक नव्हतं म्हणून, की ठाऊक असूनही? हे आता कोण सांगणार? आणि ठाऊक असून वाकला असेल, तर तसं वाकणं आपल्याला सात जन्मांत जमलं नसतं, हे घड्याळजीला स्वच्छ कळलं. आणि तेवढ्यातही, खरं सांगायचं तर, त्याला दादाचा हेवाच वाटला.

त्याने काठी पुन्हा टेकवली. वीतभर डावीकडे घेतली, वीतभर उजवीकडे. ऐकलं.

"नक्की."

फिटरने खिशातून खडू काढला आणि त्याच्यापुढे धरला. "मारा तुम्ही. या खेपेला तुमच्या हाताने."

घड्याळजी गुडघे धरून खाली बसला. आयुष्यातली पहिली फुली. एक रेघ मारली, मग दुसरी. दुसरी तिरपी गेली. तो तिच्याकडे बघत राहिला.

दादाची कशी पट्टीने मारल्यासारखी यायची.